नसलेल्या सेन्सरचा इशारा

१

हरणाबाईंनी पेटीतला मूठभर बेदाणा उचलला, नाकाशी नेला आणि तसाच परत पेटीत सोडला.

"आण्णा, ह्यो माझा माल न्हाई."

सौद्यासाठी जमलेले व्यापारी पेटीभोवती गोळा झाले. पेटीवरचं स्टिकर हरणाबाईंचंच होतं. नाव त्यांचं, गाव जत तालुक्यातलं, सगळं बरोबर. पण आत हिरव्यागार, लांबट बेदाण्याच्या जागी काळपट, चिकट, मागल्या सालचा माल भरलेला होता. दुसरी पेटी फोडली, तिसरी फोडली. सगळीकडे तेच.

"साऱ्या उन्हाळ्यात शेडवर बसून राखलाय म्या. माझं लेकरू मला वळखू येत न्हाई व्हय?" हरणाबाईंचा आवाज चिरकला. "कुटं गेला माझा माल?"

जिनेंद्र चौगुल्यांना, म्हणजे मिरजेबाहेरच्या त्या कोल्ड स्टोरेजच्या मालकांना, सगळा भाग आण्णा म्हणायचा. आण्णांनी हरणाबाईंकडे पाहिलंच नाही. ते वळले ते थेट सृष्टी सरगरकडे. ती बिचारी सर्व्हर पुसायला म्हणून आली होती आणि हातात ब्रश घेऊन दारात उभी होती.

"ऐकलंस? परवा तुझं मशीन बंद पडलं, तवाच हे झालं असणार."

म्हणणं खोटं नव्हतं. इथं माल ठेवायच्या थंड चेंबरच्या दाराशी आणि गेटवर प्रत्येक पेटीचं स्टिकर वाचलं जाई आणि त्याची नोंद सर्व्हरमध्ये होई. सर्व्हर बंद असला की गाड्या हातचिठ्ठीवर सुटत. मग कोणती पेटी कुठं गेली, हे सांगायला कोणी उरत नसे. आणि सर्व्हर या महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडला होता. कारण दर वेळी एकच, आत उष्णता वाढली. सृष्टीनं पंखा बदलला. मग खोलीला एसी बसवायला लावला. मागच्या आठवड्यात तर मशीनचा अख्खा बोर्डच बदलला. तरी परवा पुन्हा तेच.

"बाबा, तिच्यावर कशाला ओरडता?" आण्णांचा मुलगा सन्मती मधे पडला. पुण्यात शिकून आलेला, मऊ बोलणारा. या आवारात सृष्टीला चहा विचारणारा तोच एक. "मशीन आहे, तापणारच."

"तापणारच तर मग हिला कशाला पोसायचं?" आण्णा म्हणाले. "श्रेणिकला फोन लाव. म्हणावं, हरणाबाईंची भरपाई आता तुझ्या दुकानानं करायची."

२

श्रेणिक मगदूम हा सृष्टीचा मालक. सांगलीत विश्रामबागेत त्याचं दुकान. फोनवर तो एवढंच म्हणाला, "संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही, तर उद्यापासून तू तुझं बघ."

सृष्टी सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसली. खोली चेंबरला लागूनच. भिंतीला हात लावला तर बोटं गार पडत. इथं मशीन तापतंच कसं, हा प्रश्न ती महिनाभर स्वतःला विचारत होती आणि दर वेळी पंखे, जाळ्या, तारा तपासून हात हलवत परत जात होती. वैताग यायचा तो याचाच.

सर्व्हरमध्ये एक छोटा प्रोग्राम राखणीला बसलेला असतो. पंखा नीट फिरतोय का, आत किती तापलंय, वीज बरोबर येतेय का, डिस्क ठीक आहे का, एवढंच तो बघतो. स्वतः काही करत नाही. काही बिघडलं की बाकीच्या प्रोग्रामना एका ओळीचा इशारा देतो, आणि करायचं ते ते करतात. इथं त्याचं ऐकणारे दोघं होते. एक, मशीन जळू नये म्हणून सर्व्हर बंद करणारा. दुसरा, साताऱ्याच्या जयराजनं लिहिलेला गेटचा प्रोग्राम. इशारा मिळाला की तो गेटच्या पडद्यावर 'चिठ्ठीवर सोडा' असं दाखवी.

तिनं परवाच्या इशाऱ्याची ओळ पुन्हा काढली. 'फ्रंट सेन्सर: उष्णता मर्यादेबाहेर.' ही ओळ तिनं कितीदा वाचली होती कोण जाणे. पहिल्या वेळी हीच, दुसऱ्या वेळी हीच, आणि परवाही हीच.

परवाही?

ती ताडकन उभी राहिली. 'फ्रंट' नावाचा सेन्सर जुन्या बोर्डाचा होता. तो बोर्ड तिनं मागच्या आठवड्यात स्वतःच्या हातानं काढला होता आणि तो आता विश्रामबागेतल्या दुकानात ड्रॉवरमध्ये पडला होता. नव्या बोर्डावरच्या सेन्सरचं नाव होतं 'इनलेट'. बोर्ड बसवला त्या दिवशी त्या नावाचा चाचणी इशाराही तिनं पाठवून पाहिला होता. म्हणजे सांगलीच्या ड्रॉवरमध्ये पडलेला सेन्सर मिरजेच्या सर्व्हरला ताप आल्याची तक्रार करत होता!

बोर्डावर एक चिप असते. मशीनला जे काही होईल ते ती स्वतःपुरतं टिपून ठेवते. सृष्टीनं ती उघडली. परवाच्या दिवशी पंखे एका लयीत फिरत होते आणि उष्णतेची एकही नोंद नव्हती. सर्व्हर तापलाच नव्हता. राखणदाराच्या आवाजात दुसराच कोणीतरी ओरडला होता आणि ऐकणाऱ्या प्रोग्रामनी आवाज कोणाचा, हे न विचारताच कामं केली होती.

इशारा कोणत्या कॉम्प्युटरवरून आला, तेही निघालं. गेटच्या केबिनमधून.

ती धावतच कचेरीत गेली. आण्णा, सन्मती आणि हिशेब सांभाळणारी आण्णांची धाकटी बहीण गुणमाला, तिघंही तिथंच होती. सृष्टीनं एका दमात सगळं सांगितलं. गुणमालाताई म्हणाल्या, "म्हणजे मशीन नाही, माणूस?" सन्मती म्हणाला, "बघा बाबा, मी म्हणत नव्हतो?"

 आण्णांनी खुर्ची मागं सारली.

"गेटच्या केबिनमधून," ते म्हणाले. "तिथं कोण बसतं? तानाजी."

 मशीनवरचा आळ निघाला होता आणि तिनं स्वतःच्या हातानं तो भलत्याच माणसाच्या माथी मारला होता.

३

तानाजी फौजेतून निवृत्त झालेला हवालदार, उंब्रजचा. आण्णांनी कामावरून काढल्यावर तो गावी परतला होता. सृष्टी त्याच्या घरी पोचली तेव्हा तो हायवेकडं पाठ करून ओसरीत बसला होता.

"या मॅडम. इचारा काय इचारायचं ते."

"मी तुमचं नाव घेतलं नव्हतं."

"ठाव हाय. पण माझी झडती झाली, मॅडम. गेटवर, समद्या हमालांसमोर. पायातलं बूट काढाया लावलं. बुटात काय बेदाणं लपवत असतेत व्हय?" तो हसायला गेला, पण जमलं नाही.

"केबिनमधला कॉम्प्युटर आणखी कोण वापरतं?"

"कोन न्हाई वापरत? आन् घरनं मोबाईलवर बी उघडतो की त्यो. क्यामेरे बघाया सोय केलीती. पासवर्ड भिताडावर चिकटिवलाय. समद्यांना पाठ हाय."

म्हणजे उंब्रजला बसलेल्या तानाजीलाही खोटा इशारा देता येत होता. त्याच्या बाजूनं सांगावं असं काहीच हाती लागेना. सृष्टी चिडून उठली आणि परत बसली. येताना वाटेत शिजलेला बेत तिनं पक्का केला.

"नव्या सेन्सरला मी एक नाव देतेय," ती म्हणाली. "यापुढं त्या नावानं आलेला इशाराच सर्व्हर मानेल. नाव मेसेजवर पाठवते, कुणाला सांगू नका. तुम्ही आलात की लागेल."

तानाजीनं चष्मा लावून मेसेज पाहिला आणि पहिल्यांदा मोकळा हसला. "माउली व्हय? बायकूचं म्हायेर हाय ते. साताऱ्याजवळची संगम माउली." मग सवयीप्रमाणं त्यानं बोटानं एकेक अक्षर दाबत उत्तर पाठवलं, 'माहुली. समजले.'

तिथून ती साताऱ्याला गेली. पोवई नाक्याजवळच्या गाळ्यात जयराज डोकं धरून बसला होता.

"गेट माझं, म्हणून चोर मी! दोन गिऱ्हाइकांनी विचारलं मला आज. अगं, माझ्या प्रोग्रामला 'उष्णता' हा शब्द दिसला की पुरे. सेन्सरचं नाव फ्रंट असो नाहीतर गणपतराव असो, त्याला काय?"

"आता नाव लागेल," सृष्टी म्हणाली आणि त्याला सांगितलं, नव्या सेन्सरचं नाव 'पाचगणी'.

मिरजेला परतल्यावर तिनं गुणमालाताईंना सांगितलं 'खिद्रापूर' आणि सन्मतीला 'हरिपूर'. आण्णांचा फोन साधा बटणांचा आणि कॉम्प्युटरला ते हात लावत नसत. त्यांना तिनं काहीच सांगितलं नाही.

प्रत्येकाला वेगळं नाव, आणि प्रत्येकाला वाटणार हेच खरं. खरं तर नावाची अट तिनं कुठंच घातली नव्हती. खोटा इशारा कोणत्याही नावानं चालला असता. फक्त तो ज्या नावानं येईल, त्यावरून माणूस कळणार होता.

"एवढंच ना?" सन्मती हसून म्हणाला. "नाही सांगत कोणाला. चहा घेतेस?"

४

दिवस जात राहिले आणि इशारा काही येईना. श्रेणिक रोज विचारी, "सापडला तुझा चोर?" आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवी. हरणाबाई एकदा दुकानावरच आल्या. पाणी प्यायल्या, भिंतीकडं बघत म्हणाल्या, "पोरी, तू आमच्यातलीच. खरं सांग, माल गावंल का?" सृष्टीला मान वर करून बघवेना.

मग एका दुपारी तिच्या फोनवर ओळ उमटली.

'माउली सेन्सर: उष्णता मर्यादेबाहेर.'

 जयराज निघाला असता तर तिला वाईट वाटलं नसतं. गुणमालाताई निघाल्या असत्या तर धक्का बसला असता. पण तानाजी निघावा, हे तिला कुठंतरी आत मान्यच होईना. स्कूटर काढून ती मिरजेला गेली. सर्व्हर बंद होता आणि आण्णांना कुणीतरी पडद्यावरची ओळ वाचून दाखवली होती.

"नावं वाटलीयस म्हणे तू. कळलं मला," आण्णा म्हणाले. जयराज आणि गुणमालाताईंनी आपापसांत बोलता बोलता नावं ताडून पाहिली होती, ती अर्ध्या तासापूर्वी, इशारा येऊन गेल्यावर. "हे नाव कुणाला दिलं होतंस?"

खोटं बोलावं असं तिला एक क्षण फार वाटलं.

"तानाजींना," ती म्हणाली.

"झालं तर." आण्णांनी हात झटकले. "सन्मती, फौजदारांना फोन लाव."

सन्मतीनं खेदानं मान हलवली. "मला नव्हतं वाटलं तो असा असेल," तो म्हणाला आणि खिशातून फोन काढला.

"थोडं थांबा," सृष्टी म्हणाली.

"आणखी काय राहिलंय?" आण्णा गरजले. "तूच सापळा लावलास, तूच माणूस पकडलास, आता तूच थांबा म्हणतेस? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

५

डोकं ठिकाणावर नव्हतंच. राग, शरम, दमणूक सगळं एकत्र झालं होतं. ती सर्व्हरच्या खोलीत गेली आणि गार भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. गुणमालाताई मागोमाग आल्या.

"ताई, आज सर्व्हर बंद होता तेवढ्या वेळात किती पेट्या हलल्या?"

"एकही नाही. सकाळपासून गाडीच लागली नाही."

"चेंबर उघडलं?"

"कुलूप माझ्याकडं आहे. नाही."

सृष्टी सावकाश वळली. मागच्या तिन्ही वेळी सर्व्हर बंद पडला, कारण कुणाला तरी माल हलवायचा होता. आज माल हलवायचाच नव्हता. मग सर्व्हर बंद पाडून काय मिळवलं? फक्त एकच गोष्ट, पडद्यावर ते नाव उमटलं.

तिनं फोन उघडला आणि तानाजीचा मेसेज काढला. वाचला. पुन्हा वाचला. मग आजची ओळ वाचली.

कचेरीत शिरली तेव्हा तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"आण्णा, फौजदारांना मग बोलवा. आधी तानाजींना फोन लावते, सगळ्यांना ऐकू जाईल असा."

तिकडून आवाज आला, "बोला मॅडम."

"तानाजी, मी दिलेलं नाव तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"तुमी सांगू नका म्हनलात, आन् म्या कशाला..." तो थबकला. "न्हाई, एकाला सांगितलं. पर ते घरचंच हाईत. सन्मतीसायबांचा फोन आलता चौकशीला. म्हनले, तुमाला परत घ्यायचंय, नवीन नाव ठाव हाय का? म्या म्हनलं, व्हय, माउली."

गुणमालाताई सन्मतीकडं वळल्या.

"फोन चौकशीला केला होता," सन्मती शांतपणे म्हणाला. "त्यात काय? नाव त्याच्याकडं होतं, त्यानं वापरलं."

"त्यांच्याकडं 'माहुली' होतं," सृष्टी म्हणाली आणि फोन आण्णांपुढं धरला. "हा मी पाठवलेला मेसेज, हे त्यांचं उत्तर. बायकोचं माहेर आहे, नाव कसं लिहितात ते त्यांना पक्कं माहीत. तोंडानं ते माउली म्हणतात, हातानं माहुलीच लिहितात. आजच्या इशाऱ्यात 'माउली' आहे. म्हणजे लिहिणाऱ्यानं हे नाव वाचलेलंच नाही. त्यानं ते तानाजींच्या तोंडून ऐकलंय."

आण्णांनी चष्मा चढवला. दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं.

"तुम्हाला मी हरिपूर सांगितलं होतं, सन्मती," सृष्टी पुढं म्हणाली. "तुम्हाला शंका आली, म्हणून तुम्ही तानाजींना विचारलं. त्यांचं नाव वेगळं निघालं, तेव्हा सापळा कळला. गप्प बसला असता तर मला काहीच सापडलं नसतं. पण तुम्हाला प्रकरण मिटवायचं होतं. म्हणून आज एकही पेटी न हलवता फक्त त्यांचं नाव पडद्यावर आणलंत. आणि त्याआधी 'फ्रंट' का लिहिलं होतं, तेही आता कळतं. बोर्ड बदलला तेव्हा आण्णा म्हणाले, घरातल्या कुणाच्या फोनवर ते मेसेज नकोत. म्हणून नव्या नावाचा चाचणी इशारा तुम्हाला गेलाच नाही. ताईंना कचेरीतल्या कॉम्प्युटरवर गेला, जयराजला गेला, गेटच्या पडद्यावर तानाजींनी पाहिला. जुनंच नाव माहीत असलेले तेवढे तुम्ही."

सन्मती वडिलांकडं बघत होता.

"दिल्लीच्या माणसाला मी शब्द दिला होता, बाबा," तो अखेर म्हणाला. "पहिल्या प्रतीचा माल देतो म्हणून. आपल्या चेंबरातला डागी निघाला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, शिकून काय उपयोग, सौदा जमत नाही. म्हणून थोडा इकडचा, थोडा तिकडचा... पुढच्या हंगामात सगळ्यांचा भरून दिला असता."

"आणि तानाजी?" गुणमालाताईंनी विचारलं. "त्याला काय भरून दिलं असतंस?"

 फोन अजून चालूच होता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिकडून तानाजीच्या श्वासाचा आवाज येत होता.

६

आण्णांनी पोरगा पोलिसांत दिला नाही. हरणाबाईंना आणि ज्यांचा माल बदलला होता त्या इतरांना बोलावून ते म्हणाले, माझ्या स्वतःच्या सगळ्या चेंबरांतून हवा तो माल निवडा. हरणाबाईंनी एकेक पेटी फोडून, वास घेऊन, दिवसभर निवडली. सन्मतीला त्या वेचलेल्या पेट्या पाठीवर वाहून गाडीत भराव्या लागल्या. हरणाबाईंनी त्याला ना शिवी दिली, ना त्याच्याकडं पाहिलं.

सृष्टीला आण्णांनी कचेरीत बोलावलं.

"तुझं काम चोख हाय. कुणीही विचारलं तर मी तेच सांगीन," ते म्हणाले. "पण उद्यापास्नं येऊ नकोस. श्रेणिकला कळवलंय. तुला बघितलं की मला हाच दिवस आठवत राहणार."

 ती आवाराबाहेर पडायच्या आत श्रेणिकचा फोन आला.

"खरं शोधलंस आणि गिऱ्हाईक घालवलंस," तो म्हणाला. "शाबासकी देऊ का शिव्या देऊ, तूच सांग."

"दोन्ही द्या, पण पगारासोबत," असं म्हणून तिनं फोन बंद केला. वैताग गेला नव्हता. निर्दोष माणसाला निर्दोष म्हणून दाखवायला एवढा आटापिटा करावा लागतो, आणि शेवटी काम आपलंच जातं, हे तिच्या काही केल्या गळी उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आपली हत्यारं न्यायला आली तेव्हा गेटपाशी गर्दी होती. हमाल, ड्रायव्हर, निवडणाऱ्या बायका, सगळे काम टाकून उभे. मधोमध तानाजी. इस्त्रीचे कपडे, पायात चकचकीत बूट. आण्णांनी त्याला कामावर बोलावण्यासाठी माणूस पाठवला होता, आणि त्यानं उलट निरोप धाडला होता की झडती जिथं झाली तिथंच बोलणं होईल.

आण्णा कचेरीतून चालत आले. वाट मोकळी झाली. ते तानाजीसमोर उभे राहिले, जमिनीकडं बघत काहीतरी पुटपुटले आणि परत वळायला लागले.

"आण्णा," तानाजी म्हणाला. आवाज चढा नव्हता, पण परेडच्या मैदानावर पोचावा तसा स्वच्छ होता. "जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

 आण्णांनी मान वर केली, मागं उभ्या असलेल्या हमालांपासून बायकांपर्यंत सगळ्यांवरून नजर फिरवली. सृष्टी पिशवी खांद्याला लावून कडेला उभी होती. तिच्यावरही ती नजर आली, थांबली.

मग त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.